नीति आणि शुभवर्तमान

“ख्रिस्ती धर्म म्हणजे सदाचरणच, मग त्यांत व आमच्यांत भेद तो कोणता?” असें कित्येक सुशिक्षित बंधु म्हणतात. हें औदार्य खरें, पण यथार्थ नव्हे. राममोहन राय यांनीं १८२० सालीं येशूचा नीतिबोध तेवढा निवडून, चमत्कार गाळून, कलकत्त्यास ग्रंथ छापिला. श्रीरामपूरचे मिशनरी मार्शमन यांस त्याचा आनंद न होतां उलट विषाद वाटला. वाद १८२३ पर्यंत चालला. राममोहनांचें शेवटचें उत्तर छापण्यास मिशनच्या छापखान्यानें नकार दिला.

असें कां व्हावें? आमच्या व्यापारी वाचकांस हें सहज उमजेल. उद्यांपासून रोखीनें व्यवहार करीन म्हटल्यानें मागील बाकी फिटत नाहीं. नीति पुढील व्यवहार शिकविते. शुभवर्तमान म्हणजे मागील बाकी येशूनें वधस्तंभावर स्वतः फेडिली, ही वार्ता. सदाचरण हें त्या विश्वासाचें फळ, मोल नव्हे.

आपल्या कृत्याचा जाब ज्याचा त्यानेंच द्यावा, असें आम्ही मानतों. म्हणून आमचा कल राममोहनांकडे आहे. तथापि प्रतिपक्षाची कैफियत वाचल्यावांचून निवाडा करणें न्याय नव्हे. स्तुति करा वा खंडन करा. आधीं मुद्दा ओळखा.