वर्डप्रेसची थीम स्वतः बनवायची तर

थीमचं काम किती?

वर्डप्रेसमध्ये लेख, पानं, प्रतिक्रिया सगळं डेटाबेसमध्ये असतं. ते दिसावं कसं, एवढंच थीम ठरवते. म्हणून थीम बदलली तरी लेख जागेवर राहतात. २००५ साली आलेल्या १.५ या आवृत्तीपासून ही सोय आहे. एचटीएमएल, सीएसएस येत असेल आणि पीएचपीची तोंडओळख असेल तर कामाला लागायला हरकत नाही. मात्र सराव चालू संकेतस्थळावर करू नये. आपल्याच संगणकावर वर्डप्रेस बसवून करावा.

सुरुवातीला दोन फायली

वर्डप्रेसच्या ‘थीम्स’ फोल्डरमध्ये आपल्या थीमचं फोल्डर करायचं. त्यात ‘स्टाइल डॉट सीएसएस’ आणि ‘इंडेक्स डॉट पीएचपी’ या दोन फायली ठेवायच्या. पहिलीच्या माथ्यावर कॉमेंटमध्ये थीमचं नाव लिहिलं की डॅशबोर्डमधल्या यादीत ती दिसू लागते.

दुसऱ्या फाइलमध्ये ‘लूप’ लिहायचा. दाखवायला लेख शिल्लक आहे का, हे तो विचारतो; असेल तर तो हातात घेतो, शीर्षक आणि मजकूर छापतो आणि पुन्हा तेच विचारतो. यादीच्या पानावर मूळ सेटिंगप्रमाणे हे दहा वेळा घडेल, एका लेखाच्या पानावर एकदाच.

कोणत्या पानाला कोणती फाइल?

थीम शिकण्यातला खरा गाभा हा आहे. समजा, वाचकाने ‘रेसिपी’ हा विभाग उघडला. वर्डप्रेस आधी खास त्या विभागाच्या नावाची फाइल शोधतं, मग त्याच्या क्रमांकाची. त्या नसल्या तर सगळ्या विभागांसाठीची ‘कॅटेगरी’, तीही नसली तर ‘अर्काइव्ह’, आणि काहीच नाही मिळालं तर ‘इंडेक्स’. ही उतरंड डोक्यात बसली की डझनभर फायली आधीच करून ठेवाव्या लागत नाहीत. एखादं पान वेगळं दिसायला हवं असेल तेव्हाच त्याची फाइल वाढवायची.

नवशिके अडतात ते इथे

फोल्डरमध्ये स्टाइलची फाइल आहे, तरी पान साधंच दिसतं. कारण वर्डप्रेस ती आपणहून जोडत नाही. ‘फंक्शन्स डॉट पीएचपी’मधून ती रांगेत लावावी लागते. शिवाय हेडरमध्ये ‘डब्ल्यूपी हेड’ आणि फूटरमध्ये ‘डब्ल्यूपी फूटर’ या दोन हाका राहून गेल्या, तर रांगेत लावलेली स्टाइल पानापर्यंत पोचत नाही आणि कित्येक प्लगइनही चालेनासे होतात.

मराठी मजकूर असेल तर

इंग्रजी मथळ्यांसाठी अक्षरांमधलं अंतर वाढवायची पद्धत आहे. तेच देवनागरीला लावलं की शिरोरेषा तुटते, म्हणून ते शून्य ठेवावं. वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडू नयेत यासाठी ओळींमधलं अंतर थोडं जास्त घ्यावं. पानाची भाषा मराठी अशी नोंदवावी. काही फाँट त्यावरूनच ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं निवडतात.

थीममध्ये काय नको?

संपर्काचा फॉर्म, पुस्तकांची नोंदवही असली कामं थीममध्ये कोंबू नयेत. उद्या थीम बदलली की तीही जातील. ती प्लगइनमध्ये असावीत. आणि तयार थीममध्ये थोडाच बदल हवा असेल, तर मूळ फायलींना हात न लावता तिच्यावर आधारलेली वेगळी चाइल्ड थीम करावी, म्हणजे अपडेट आल्यावर आपलं काम पुसलं जात नाही.

जुनी पद्धत की ब्लॉक थीम?

जानेवारी २०२२मधल्या ५.९ या आवृत्तीपासून पूर्ण पान ब्लॉकनी, म्हणजे मजकूर, चित्र अशा सुट्या तुकड्यांनी, रचता येतं. अशा थीममध्ये साचे एचटीएमएल फायलींत असतात, तर रंग, फाँट आणि अंतरं ‘थीम डॉट जेसन’मध्ये. फायली निवडण्याची उतरंड मात्र तीच. म्हणून पहिली छोटी थीम जुन्या पद्धतीने करावी आणि दुसरी ब्लॉकनी. दुसरीला निम्मं काम आधीच समजलेलं असतं.