संगणकाचा निळा पडदा : घाबरू नका, नोंद ठेवा



जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या वाड्या-वस्त्यांवर घरचा संगणक ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. मुलांचा अभ्यास, कॉलेजचा प्रवेशअर्ज, सातबाराचा उतारा, दुधाचा हिशेब, नारायणगावला पाठवलेल्या टोमॅटोच्या आणि ओतूरला घातलेल्या कांद्याच्या पट्ट्या, लग्नामुंजीचे फोटो, असे सारे त्या एका पेटीत साठते. ट्रॅक्टरइतका तो महाग नसेल, पण त्यात जे साठलेले असते ते बाजारात विकत मिळत नाही.

असा संगणक एखाद्या दिवशी चालता चालता दगा देतो. पडदा एकदम निळा होतो, पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत काही मजकूर येतो, खाली टक्क्यांचा आकडा चढत जातो आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. आज झाले, मग चार दिवस काही नाही, पुन्हा एका दिवसात दोनदा. मग घरात दोनच शब्द ऐकू येतात. एक म्हणजे ‘व्हायरस’ आणि दुसरा म्हणजे ‘फॉरमॅट’. पेटी मोटारसायकलवर बांधून तालुक्याच्या गावी नेली जाते, सगळे पुसून परत येते आणि पंधरा दिवसांनी निळा पडदा पुन्हा हजर! पैसे गेले, फोटो गेले, हिशेब गेले, दुखणे मात्र जागच्या जागी. असे आपल्याकडे होऊ नये म्हणून या दुखण्याची थोडी माहिती करून घेऊ.

निळा पडदा म्हणजे काय?

विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. एक फेज गेला किंवा मोटारीवर ताण आला की त्यातला रिले पडतो आणि मोटार थांबते. रिले मोटारीचा वैरी नव्हे. ज्याने तो दोरीने बांधून ठेवला त्याची मोटार जळाली, हे आपण पाहिलेले आहे. निळ्या पडद्याचे तसेच आहे. संगणकाच्या अगदी मुळाशी अशी काही चूक झाली की पुढे काम केले तर साठवलेली माहिती बिघडेल, तेव्हा विंडोज स्वतःहून थांबते आणि जाताना कारणाची खूण लिहून ठेवते. नव्या विंडोज ११ मध्ये २०२५ पासून हा पडदा निळ्याऐवजी काळा केला आहे. रंग बदलला, अर्थ तोच.

हे दुखणे थोरामोठ्यांनाही सुटलेले नाही. २० एप्रिल १९९८ रोजी अमेरिकेतील शिकागो येथे बिल गेट्स विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक दाखवत होते. त्यांच्या साहाय्यकाने स्कॅनर जोडला आणि भरसभेत पडदा निळा झाला. अलीकडची गोष्ट १९ जुलै २०२४ ची. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या संरक्षक प्रोग्रामसाठी एक सदोष फाइल पाठवली आणि जगभरात सुमारे ८५ लाख संगणक निळे पडून बसले. आपल्या देशातल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. यातून घेण्याजोगा धडा असा की त्या ८५ लाखांत कोणाचेही यंत्र मोडलेले नव्हते. संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून ती एक फाइल काढली की तो चालू होत होता. निळा पडदा आला म्हणजे सर्व पुसलेच पाहिजे, असे मुळीच नाही.

आधी ओळख पटवा

संगणक ‘बंद पडला’ एवढे सांगून भागत नाही. कसा बंद पडला ते पाहा.

निळा पडदा न येता दिवा विझावा तसा बंद झाला किंवा झटक्यात पुन्हा सुरू झाला, तर संशय विजेवर, आतल्या वीजपेटीवर म्हणजे एसएमपीएसवर किंवा उष्णतेवर घ्यावा. चित्र गोठले, माऊस हलेना, तर डिस्क किंवा उष्णता पाहावी. खरा निळा पडदा आला, तर मेमरी, डिस्क, एखाद्या जोडयंत्राचा ड्रायव्हर किंवा बिघडलेली फाइल यांपैकी काहीतरी असते.

चौथा प्रकार लबाडीचा आहे. इंटरनेट पाहताना निळा किंवा लाल पडदा येतो, भोंगा वाजतो आणि ‘तुमचा संगणक अडवला आहे, या नंबरवर फोन करा’ असे लिहून येते. विंडोजचा खरा निळा पडदा कधीही फोन नंबर देत नाही आणि पैसे मागत नाही. असा पडदा दिसला तर फोन करू नका, बटण दाबून धरून यंत्र बंद करा. घरातल्या कोणी पैसे दिले असतील तर लाजू नका, लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार करा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवण्याची शक्यता अधिक.

वहीसारखा वैद्य नाही

‘कधीही बंद पडतो’ असे आपण म्हणतो, पण लिहून ठेवले की पुष्कळदा वेळ सापडते. शाळेची एक वही संगणकाशेजारी ठेवा. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, काय काम चालू होते, कोणती वस्तू जोडलेली होती, त्या सुमारास लाईट गेली-आली का, खोलीत उकडत होते का, एवढे लिहा. पडद्याचा मोबाईलवर फोटो काढा. त्यातली ‘स्टॉप कोड’पुढची इंग्रजी अक्षरे महत्त्वाची.

उसातला बिबट्या नेहमी दिसतोच असे नाही, पण बांधावरच्या ओल्या मातीत त्याचा ठसा राहतो आणि वनखात्याची माणसे त्यावरून माग काढतात. संगणकही ठसा ठेवतो. स्टार्टच्या खोक्यात ‘रिलायबिलिटी’ हा इंग्रजी शब्द टाइप केला की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ असे नाव येते. ते उघडले की दिवसवार तक्ता दिसतो आणि कोणत्या दिवशी काय कोसळले, कोणता नवा प्रोग्राम बसला, हे लाल खुणांसह कळते. पहिली लाल खूण ज्या दिवशी आली त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत काय नवे झाले ते शोधा. नवा प्रिंटर, नवा वायफायचा तुकडा, कोणीतरी पेन ड्राइव्हवरून फुकट बसवलेला खेळ, असे काही असेल तर ते काढून आठवडाभर पाहा. शिकागोच्या स्कॅनरची आठवण ठेवा.

विजेची बाजू

वस्तीवरच्या घराला पुष्कळदा शेतीपंपांच्याच डीपीवरून वीज असते. थ्री फेज लाईट आली की ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात आणि व्होल्टेज खाली बसते. घरातला बल्ब तेव्हा क्षणभर पिवळा पडतो. संगणक त्या क्षणी डिस्कवर काही लिहीत असेल तर फाइल अर्धवट राहते आणि ती फाइल वाचायची वेळ आली की दोन दिवसांनी निळा पडदा येतो. कारण आज आणि परिणाम परवा, म्हणून माग लागत नाही. वहीत पंपाच्या पाळीची वेळही लिहा. बंद पडण्याच्या वेळा तिच्याशी जुळल्या, तर निम्मे उत्तर मिळाले.

उपाय तीन आहेत. पहिला, चालू स्थितीतला यूपीएस. पुष्कळ घरी यूपीएस असतो, पण बॅटरी दोन-चार वर्षांत मरते आणि तो नुसता भार म्हणून राहतो. परीक्षा सोपी आहे. सर्व कामे सेव्ह करून बंद करा आणि यूपीएसचे भिंतीवरचे बटण बंद करा. संगणक त्याच क्षणी गेला तर बॅटरी बदला.

दुसरा उपाय अर्थिंगचा. संगणकाच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येत असतील तर बहुधा अर्थिंग नाही किंवा सुकलेले आहे. तीन पायांच्या पिनेचा जाड पाय कापून ती दोन भोकांत बसवणारे शहाणे गावोगाव आहेत. तसे करू नका. मीठ-कोळशाच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घाला आणि वायरमनकडून ते तपासून घ्या. तिसरा उपाय म्हणजे न्यूट्रलचा सांधा. घरातले काही दिवे मंद आणि काही डोळे दिपवणारे असे एकाच वेळी दिसले तर न्यूट्रल सुटला असण्याचा संभव असतो. मेन स्विच लगेच बंद करा. अशा वेळी संगणकच काय, टीव्ही-फ्रीजही जळतात.

वळवाचा गडगडाट सुरू झाला की पिन काढून ठेवा. इंटरनेटची तांब्याची तारही काढा.

धूळ, ऊन आणि दमट हवा

बाजरीच्या मळणीचा भुसा आणि रस्त्याची माती पंख्यात जाऊन बसते. पंखा अडला की आतला मुख्य प्रोसेसर तापतो. दुपारी बंद पडणारा आणि पहाटे सुरळीत चालणारा संगणक याच दुखण्याचा असतो. पिन काढून, यंत्र थंड करून, बाजूचा पत्रा उघडा आणि मऊ कुंचल्याने धूळ काढा. पंखा बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने गरगर फिरू देऊ नका. उंदराने तार कुरतडली आहे का, पाल किंवा मुंग्या आहेत का, तेही पाहा. एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नका. पिन काढल्यावरही तिच्यात जीवघेणी वीज साठून राहू शकते.

भीमाशंकर, आहुपे या बाजूला पावसाळाभर भिंती ओल धरतात. त्या दमट हवेने मेमरीच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर पुट चढते. आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, पट्टी अलगद काढा, दात कोरड्या खोडरबराने हलकेच पुसा, कण झटका आणि ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत नीट बसवा. कित्येक निळे पडदे एवढ्यानेच गेले आहेत.

मेमरी, डिस्क आणि ड्रायव्हर

स्टॉप कोडमध्ये ‘मेमरी मॅनेजमेंट’ असे वारंवार येत असेल किंवा दर वेळी निराळाच कोड येत असेल, तर मेमरीवर संशय घ्या. ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ हा तपासणीचा प्रोग्राम विंडोजमध्येच असतो, विकत घ्यावा लागत नाही. पट्ट्या दोन असतील तर एक काढून चार दिवस चालवा, मग दुसरी. कोणत्या बैलाचा पाय दुखतो ते जोडी सोडल्यावरच कळते.

‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’ किंवा ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे आले, जुन्या डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, फाइल उघडायला वेळ लागत असेल, तर डिस्क थकली असू शकते. अशा वेळी दुरुस्ती नंतर, आधी माहितीची दुसरी प्रत. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ हे चित्राच्या कार्डाचे किंवा त्याच्या ड्रायव्हरचे दुखणे. ‘डब्ल्यूएचईए’ने सुरू होणारा कोड बहुतेक वेळा यंत्राच्या अंगातला दोष, उष्णता किंवा वीज दाखवतो.

एक नियम पाळा. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. खत, औषध, पाणी एकाच दिवशी बदलले तर पीक कशाने सुधारले हे जसे कळत नाही, तसेच येथे.

मेकॅनिककडे नेण्यापूर्वी

कुशल कारागीर आपल्या भागात आहेत. त्यांना वही आणि फोटो दाखवा, त्यांचे काम निम्म्यावर येते. मात्र पेटी घरातून निघण्यापूर्वी फोटो, हिशेब आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. संगणक सुरूच होत नसेल तर ‘फॉरमॅट करण्याआधी डिस्कमधली माहिती काढून द्या’ असे स्पष्ट सांगा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. काही नव्या संगणकांत डिस्कला ‘बिटलॉकर’ नावाचे कुलूप असते आणि दुरुस्तीनंतर ते ४८ आकडी किल्ली मागते. ती किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पाहून आधीच वहीत उतरवून ठेवा. ती हरवली तर चांगला कारागीरही हात टेकतो.

विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, हेही ध्यानात असू द्या. जुन्या संगणकावर बँकेचे व्यवहार करण्यापूर्वी जाणत्याला विचारा.

बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही, थोडे निराळे काढून ठेवतो. घरातल्या माहितीचेही तसेच करा. दर महिन्याला एक दिवस ठरवा, अमावास्या म्हणा की पगाराची तारीख म्हणा, आणि त्या दिवशी दुसरी प्रत काढून कपाटात ठेवा. हे काम घरातल्या शाळकरी मुलामुलींवर सोपवा, ते हौसेने करतील. मग पडदा निळा झाला तर यंत्रच दुरुस्त करायचे राहील. आजोबांचा फोटो आणि वर्षाचा हिशेब कपाटात सुखरूप असेल.