खामगावचा कापूस आणि अमेरिकेतील वाद

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे शहर कापसाची बाजारपेठ म्हणून फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. १८६१ नंतर वऱ्हाडात कापसाचे भाव एकाएकी चढले. ह्याचे कारण हजारो मैल दूर, अमेरिकेत होते. एक माणूस दुसऱ्या माणसाचा मालक होऊ शकतो काय, ह्या प्रश्नावरून तेथे यादवी युद्ध पेटले होते.

अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाचे विस्तीर्ण मळे होते. आफ्रिकेतून बळाने आणलेले लोक व त्यांचे वंशज तेथे गुलाम म्हणून राबत. त्यांची गुराढोरांप्रमाणे खरेदी-विक्री होई. १८६० साली त्यांची संख्या सुमारे ४० लाख होती. उत्तरेकडील राज्यांनी मात्र ही प्रथा बंद केली होती. त्यामुळे देशात नवे राज्य सामील होऊ लागले, की तेथे गुलामगिरी असावी की नसावी, असा वाद संसदेत उभा राही.

१८२० साली तडजोड झाली. मिसूरी राज्यात गुलामगिरी मान्य झाली. परंतु पश्चिमेकडील उरलेल्या मुलखात एक सीमारेषा ठरवून तिच्या उत्तरेस गुलामगिरीला बंदी करण्यात आली. १८५० साली पुन्हा तडजोड झाली. तीत पळालेल्या गुलामांना पकडून परत पाठविण्याचा कडक कायदा होता. ज्यांनी कधी गुलाम बाळगले नव्हते, त्यांच्यावरही ह्या कामी साहाय्य करण्याची सक्ती झाली. १८५४ साली तर जुनी सीमारेषाच रद्द झाली.

१८५८ साली इलिनॉय राज्यात अब्राहम लिंकन व स्टीफन डग्लस ह्यांच्यात सात जाहीर वादविवाद झाले. नव्या प्रदेशातील रहिवाशांनी बहुमताने हा प्रश्न सोडवावा, असे डग्लस ह्यांचे म्हणणे होते. वरवर पाहता हे न्याय्य वाटते. परंतु त्या बहुमतात गुलामांना स्थान कोठे होते? लिंकन ह्यांनी गुलामगिरी सर्वत्र ताबडतोब बंद करा, असे तेव्हा म्हटले नव्हते. परंतु ती मुळातच अन्यायाची आहे, म्हणून तिचा प्रसार होता कामा नये, असे त्यांनी निक्षून सांगितले.

१८६० साली लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. तेव्हा दक्षिणेकडील राज्ये फुटून निघू लागली व १८६१ साली युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, तेव्हा त्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे धाव घेतली. वऱ्हाडात कापसाचे महत्त्व वाढले. पुढे १८७० साली जलंब ते खामगाव लोहमार्गही सुरू झाला.

१८६५ साली युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले. त्याच वर्षी घटनादुरुस्ती होऊन अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने बंद झाली. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले ह्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना दास्यातून सोडविण्यासाठी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी त्यांची इच्छा होती. वाढलेले भाव चार वर्षांत उतरले. परंतु माणसाला माणसाचा मालक होता येत नाही, हा त्या वादाचा निर्णय कायम राहिला.