मंद्र स्वरांचा पेशा

लग्नाच्या स्वागतसमारंभात मंचावर वाद्यवृंद वाजत असतो. सर्वांचे लक्ष गायकाकडे असते. की-बोर्डवर फिरणाऱ्या बोटांकडे लहान मुले टक लावून पाहतात, आणि ड्रम्स तर न पाहताही ऐकू येतात. त्या ड्रम्सच्या शेजारी, अर्धवट अंधारात, चार जाड तारांचे लांब दांडीचे वाद्य गळ्यात अडकवून एक जण उभा असतो. तो काय वाजवतो असे विचारले तर बहुतेक पाहुणे 'गिटार' एवढेच सांगतील. मात्र त्याची केबल मध्येच निखळली, की गाणे एकाएकी पोकळ झाल्याचे त्याच पाहुण्यांना जाणवते. काय बिघडले हे त्यांना सांगता येत नाही, एवढेच.

हे वाद्य म्हणजे बेस गिटार. दिवसा पेढीवर बसणारी आणि शनिवार-रविवारी हॉटेलात, लॉनवर किंवा महोत्सवात हे वाद्य वाजवणारी मुले-मुली आता व्यापारी कुटुंबांतही आढळतात. मग घरात प्रश्न उभा राहतो : हा छंद मानायचा की पेशा, आणि यात रक्कम किती घालायची? रात्री दीड वाजता घरी येणाऱ्या मुलाच्या संगतीची काळजी सर्वांनाच असते. त्याच्या कानांची, मंचावरच्या विजेची आणि तोंडी ठरलेल्या व्यवहाराची काळजी मात्र सहसा कोणी करीत नाही. वास्तविक नुकसान तेथेच होते.

वाद्याचा इतिहास फार जुना नाही. मंद्र स्वरांसाठी पूर्वी माणसाहून उंच असा डबल बेस वापरीत. तो मोटारीत मावत नसे आणि मोठ्या वाद्यवृंदात ऐकूही येत नसे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवलेल्या लिओ फेंडर यांनी १९५१ साली गळ्यात अडकवता येईल अशी विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली. दांडीवर फ्रेट असल्यामुळे स्वर नेमका लागतो, म्हणून तिचे नाव 'प्रिसिजन बेस'. फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. वादकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या आणि तसा माल घडवायचा, ही त्यांची रीत होती. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वादकवृंदात टोनी वाझ आणि चरणजित सिंग यांनी हे वाद्य वाजवले. ती गाणी घराघरांत पाठ आहेत, ही नावे मात्र फारशी कोणाला ठाऊक नाहीत.

या पेशात काम कसे मिळते, हे एका प्रसंगावरून कळते. १९६३ साली लॉस एंजेलिस येथील कॅपिटॉल रेकॉर्ड्सच्या ध्वनिमुद्रणाला ठरलेला बेसवादक आलाच नाही. तेथे गिटार वाजवण्यासाठी आलेल्या कॅरोल के यांच्या हाती बेस देण्यात आली. पुढे त्या अमेरिकेतील सर्वाधिक मागणी असलेल्या बेसवादकांपैकी एक झाल्या. त्यांच्या अंगी गुण होतेच, पण एकाची गैरहजेरी दुसरीच्या कारकिर्दीचा आरंभ ठरली. आजही मुंबई-पुण्यातील वाद्यवृंदप्रमुख बेसवादक निवडताना हाताची चपळाई नंतर पाहतो. माणूस वेळेवर येतो का, त्याचे सामान चालू स्थितीत असते का आणि गाण्यांचे स्वर त्याने आधी लिहून आणले आहेत का, याची विचारपूस आधी होते.

सामानाविषयी पहिली गोष्ट अशी की, महागडे नाव घेण्याची घाई करू नये. मध्यम प्रतीची, वापरलेली, पण सरळ दांडीची बेस गिटार चालते. खरेदी करताना प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार वाजवून पाहावी, बटणे फिरवताना खरखर होते का ते ऐकावे आणि दांडीतील लोखंडी सळईचा स्क्रू फिरतो याची खात्री करून घ्यावी. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळ्यात लाकूड ओलावा धरते, दांडी वाकते आणि तारा फ्रेटवर घासू लागतात. तेव्हा अ‍ॅलन चावीने ती सळई एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि पुढची दुरुस्ती दुसऱ्या दिवशी करावी. चांगल्या कारागिराकडून वाद्य नीट बसवून घेतले, तर साधी बेस गिटारही महागड्या वाद्याच्या पंक्तीला बसते. मंचावरून ऐकणाऱ्याला त्यांतील फरक सहसा कळत नाही.

तारांचा विषय निघाला की जाणकार मंडळी डेट्रॉइटच्या जेम्स जेमर्सनचे उदाहरण देतात. मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत वाजलेल्या त्याच्या १९६२ सालच्या प्रिसिजन बेसच्या तारा, तुटल्याखेरीज तो बदलत नसे, आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवीत असे. त्याच्या सपाट वेटोळ्याच्या तारांना जुनेपणा शोभत असे. आज बहुतेक जण वापरतात त्या गोल वेटोळ्याच्या तारा घामाने लवकर मंदावतात. कार्यक्रम संपताच त्या कोरड्या कापडाने पुसाव्यात आणि एक नवा संच पिशवीत ठेवावा. जुन्या डबल बेसच्या तारा मेंढीच्या आतड्यापासून करीत. बेस गिटारच्या तारा पोलाद आणि निकेलच्या असतात, हे घरातील ज्येष्ठांना सांगण्याजोगे आहे. गळ्यातला पट्टाही कातडीच हवा असे नाही. चार किलोचे वाद्य तीन तास वागवायचे असते, तेव्हा पट्टा रुंद असणे महत्त्वाचे. विणलेला सुती पट्टा ते काम उत्तम करतो.

ज्या बेस गिटारमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते, तिच्याबाबत एक खबरदारी घ्यावी. केबल खोचलेली राहिली की बॅटरी चालूच राहते. दुपारी जुळवाजुळव करून केबल तशीच ठेवली आणि रात्री ऐन कार्यक्रमात आवाज फाटू लागला, हा अनुभव बहुतेक नवशिक्यांना एकदा तरी येतो.

अ‍ॅम्प्लिफायर किती मोठा घ्यावा, यावर वाद चालतच राहतील. बेसच्या सर्वांत खालच्या तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. अशा खोल स्वरांना माणसाचा कान मंद प्रतिसाद देतो, म्हणून बेसला साध्या गिटारपेक्षा अधिक वॉट लागतात. मात्र वॉट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. १९६९ साली आलेला अँपेग कंपनीचा ३०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर उचलायला दोन माणसे लागत. आज तेवढ्याच शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर एका हातात मावतो, त्यामुळे वजनाच्या हौसेत अर्थ उरलेला नाही. लग्नाच्या लॉनवर किंवा सभागृहात साउंडवाल्याची यंत्रणा असतेच. तिला बेसचा आवाज थेट पुरवणारी डीआय पेटी आणि स्वतःला ऐकू येण्यापुरता लहान अ‍ॅम्प्लिफायर, एवढ्यावर पहिली काही वर्षे निभावतात. पुढे स्पीकरच्या दोन पेट्या जोडायच्या झाल्यास हिशेब पाहावा : ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की भार ४ ओहम होतो, आणि अ‍ॅम्प्लिफायरवर लिहिलेल्या मर्यादेखाली जाणे म्हणजे तो जाळणे.

घरी गोड वाटणारा भरदार स्वर सभागृहात गढूळ होतो. भिंतीपाशी आणि कोपऱ्यात खोल स्वर फुगतात. तेव्हा आवाज वाढवण्याऐवजी खालचे स्वर थोडे कमी करावेत आणि सरावाच्या वेळी एकदा खाली उतरून प्रेक्षकांच्या जागेवरून ऐकावे. ड्रमरच्या पायाखालच्या मोठ्या ड्रमबरोबर बेसचा ठोका जुळला, की अर्धे काम झाले.

आता विजेविषयी. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे याने मंचावर मायक्रोफोनला हात लावला आणि विजेच्या धक्क्याने त्याचा मृत्यू झाला. अर्थिंग सदोष होते. बेसवादकाची बोटे सतत तारांवर असतात आणि तारा अ‍ॅम्प्लिफायरमार्फत जमिनीशी जोडलेल्या असतात. कोरस म्हणताना त्याचे ओठ माइकला लागले आणि माइकची यंत्रणा दुसऱ्याच, सदोष जोडणीवर असली, तर वीज त्याच्या शरीरातून वाट काढते. आपल्याकडे मैदानावरचा जनरेटर, तिसरी पिन मोडलेले प्लग आणि पावसाने ओली झालेली हिरवळ हे सर्व एकाच संध्याकाळी एकत्र येऊ शकते. गुणगुण थांबावी म्हणून काही जण अर्थिंगची पिन काढून टाकतात, हे घोर अज्ञान आहे. डीआय पेटीवर त्यासाठीच वेगळे बटण असते. मंडपाच्या इलेक्ट्रिशियनला '३० मिलिअँपिअरचा संरक्षक स्विच आहे का?' असे विचारण्यात संकोच नसावा. स्वस्तातल्या मीटरने माइक आणि गिटारच्या तारा यांच्यात दाब आहे का, हे पाहूनच पहिले गाणे सुरू करावे. घरच्यांना भेटवस्तू द्यायची असेल, तर असा मीटर द्यावा.

कानांचे नुकसान असे क्षणात होत नाही, म्हणून ते अधिक फसवे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यसंस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास सुरक्षित मानतात आणि प्रत्येक ३ डेसिबलच्या वाढीला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. बेसवादक तर ड्रमरच्या झांजेपासून हातभर अंतरावर उभा असतो. कार्यक्रमानंतर रात्री कानात शिट्टी वाजत राहणे ही इशाऱ्याची घंटा आहे. आतल्या कानातील नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कापसाच्या बोळ्याने भागत नाही. संगीतकारांसाठी असलेले, सर्व स्वर सारख्या प्रमाणात कमी करणारे कानबोळे मिळतात. त्यांची सवय व्हायला दोन-तीन सराव लागतात. वर्षातून एकदा श्रवणचाचणीही करून घ्यावी.

व्यवहाराच्या बाबतीत व्यापारी घरातल्या मुलाने खरे तर इतरांहून सरस असायला हवे. पण पेढीवर पै-पैचा हिशेब ठेवणारा मुलगा वाद्यवृंदात 'मित्रांत कसले लिहून घ्यायचे' असे म्हणतो. सुपारी ठरते तेव्हा विसार किती आणि उरलेली बिदागी केव्हा, हे लिहिलेले असावे. ती मंचावर चढण्यापूर्वी मिळणे उत्तम. जेवणाचे ताट उठल्यावर यजमान सापडत नाही. वाहन, मुक्काम आणि साउंडचा खर्च कोणाचा, कार्यक्रम रद्द झाल्यास विसार परत जातो की राहतो, हेही त्यातच यावे. एक कलम नेहमी विसरले जाते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. राज्य शासनाने जाहीर केलेल्या वर्षातील मोजक्या दिवसांना तेवढी सवलत असते. वरात लांबली, वाद्यवृंदाला सव्वानऊला मंच मिळाला आणि १० वाजता कार्यक्रम थांबवावा लागला, तर बिदागी पूर्ण की अर्धी? वादक वेळेवर हजर होते, म्हणून पूर्ण, असे एक वाक्य आधी लिहिलेले असले की पुढचा वाद टळतो.

अंतर्गत वाटणी हा याहून नाजूक विषय. पाच जणांच्या वाद्यवृंदाने मिळकतीचे सहा भाग करावेत आणि सहावा दुरुस्ती व सामायिक सामानासाठी वेगळा ठेवावा, ही रीत चांगली. कामे आणणाऱ्याला अधिक हिस्सा द्यायचा असेल तर तो उघडपणे द्यावा, लपवलेली दलाली दोस्तीला पोखरते. सामायिक पैशातून मिक्सर किंवा स्पीकर घेतला, तर एक जण सोडून गेल्यावर त्याचा भाग कोणत्या किमतीने मोजायचा, हे घेतानाच ठरवावे. बहुतेक वाद्यवृंद स्वरांवरून नव्हे, असल्या स्पीकरवरून फुटतात. शब्द दिलेल्या तारखेला दुसरीकडून दुप्पट बोलावणे आले, तर पहिला शब्द पाळावा. आजारपणात बदली वादक द्यावाच लागला, तर प्रमुखाच्या संमतीने, आणि त्याच्या हाती गाण्यांचे स्वर व क्रम लिहिलेला कागद देऊन.

श्रेयाचेही तसेच. मोटाउनच्या तबकड्यांवर स्टुडिओतील वादकांची नावे वर्षानुवर्षे छापली जात नसत. जेमर्सनचे नाव १९७१ साली मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर आले, तोवर त्याच्या बेसवर जग नाचून झाले होते. आज ध्वनिमुद्रण करताना आपले नाव गाण्याच्या नोंदीत कसे लिहिले जाणार, हे त्याच दिवशी पाहून घ्यावे. जेमर्सनची ती १९६२ सालची बेस गिटार १९८३ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या थोडे आधी, चोरीला गेली. वाद्याचा अनुक्रमांक, छायाचित्र आणि पावती घरातल्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावीत आणि दुकानाच्या मालाप्रमाणे विमाही उतरवावा.

घरच्यांनी करायचे ते थोडेच. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम असेल तर डबा सोबत द्यावा. आवाजाची चाचणी बहुधा सायंकाळीच असते आणि ती आटोपताच जेवता येते. दूरच्या कार्यक्रमाहून रात्री झोपेच्या भरात गाडी हाकत येण्यापेक्षा तेथेच मुक्काम करू द्यावा, दुकान एक दिवस तासभर उशिरा उघडले तरी चालते. आणि घरी परतल्यावर, कितीही वाजले असले तरी, वादकाची तीन कामे उरतात : बेस गिटारमधून केबल काढणे, तारा पुसणे आणि वहीत नोंद करणे. तारीख, ठिकाण, मिळालेली रक्कम, येणे बाकी आणि ज्या गाण्यात हात चुकला त्याचे नाव.