उंच केलेल्या ट्रकखाली हवेची पिशवी

'एअर बॅग' म्हटले की अपघातात चालकासमोर फुगणारी पिशवी आठवते. आपण येथे पाहणार आहोत ती पिशवी वेगळी. जाड रबराची, आत दोऱ्यांचे अस्तर असलेली ही पिशवी गाडीची चासी आणि मागचा आस यांच्यामध्ये बसवतात. तिला हवेची स्प्रिंग म्हणणे अधिक बरोबर.

अमेरिकेत पिकअप ट्रक हे अनेक शेतकऱ्यांचे आणि कारागिरांचे रोजचे वाहन आहे. पुष्कळ जण तो खडबडीत वाटांसाठी, आणि खरे सांगायचे तर बऱ्याचदा नुसत्या हौसेनेही, चार-सहा इंच उंच करून घेतात. मागच्या बाजूस पाटे आणि आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालणे ही त्याची सोपी रीत. अशा ट्रकला जड ट्रेलर जोडला की मागची बाजू खाली बसते आणि दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. मग मालक हवेच्या पिशव्या बसवायला निघतो.

पिशवी किती भार उचलेल? समजा, तिचे परिणामी क्षेत्रफळ 125 चौरस सेंटिमीटर आहे आणि आत दर चौरस सेंटिमीटरला 4 किलोग्रॅम दाब भरला आहे. गुणाकार केला की उत्तर येते 500 किलोग्रॅम. आता खड्ड्यात चाक आपटून पिशवीची उंची 12 वरून 9 सेंटिमीटर झाली असे धरू. येथे बॉइलचा नियम लावताना वातावरणाचा दाब धरायला विसरू नये. विद्यार्थी नेमके तेथेच चुकतात. एकूण दाब 5 होता, तो 6.67 होतो, वातावरणाचा 1 वजा केला की भार सुमारे 708 किलोग्रॅम. आणखी 3 सेंटिमीटर दाबली तर 1125! पहिल्या 3 सेंटिमीटरला 208 किलोग्रॅम लागले, पुढच्या तेवढ्याच अंतराला 417. साधी पोलादी स्प्रिंग दोन्ही वेळा सारखेच बल मागते. तोंड बंद केलेली इंजेक्शनची सिरिंज दाबून हा फरक वर्गात सहज जाणवून देता येईल.

आता ट्रक उंच केल्याने काय बिघडते ते पाहू. चार इंची ठोकळ्यामुळे आस आणि चासी यांतील अंतरही चार इंचांनी वाढते. मूळ उंचीसाठी घडवलेली पिशवी तेथे ताणूनच बसवावी लागेल. चाक खड्ड्यात लोंबले की ती आणखी ताणली जाईल आणि अखेर फाटेल. म्हणून पिशवीखाली उंचीवाढीइतकाच धातूचा आधार देतात. पण आधार उंच झाला की तो कलण्याचा धोकाही वाढतो, त्यामुळे त्याची पकड घट्ट हवी आणि पिशवी सरळ उभी राहायला हवी. बसवल्यावर चासी जॅकवर उचलून आस पूर्ण लोंबू द्यावा आणि ताण तपासावा. धुराड्याची नळी, टायर आणि ब्रेकच्या नळ्या पिशवीपासून दूर असाव्यात. सांध्यांची गळती शोधायला साबणाचे पाणी पुरते, पंक्चरवाला शोधतो तसेच.

दोन्ही पिशव्यांना एकाच नळीने हवा द्यावी का? दोन सिरिंजांची तोंडे नळीने जोडून एक दाबून पाहा, दुसरीचा दट्ट्या वर येतो. वळणावर हेच घडते: बाहेरच्या बाजूची दबलेली पिशवी आपली हवा आतल्या बाजूला ढकलते आणि गाडी अधिकच कलते. ट्रक उंच केल्यामुळे गुरुत्वमध्य आधीच वर गेलेला असतो. तेव्हा दोन्ही बाजूंच्या नळ्या वेगळ्याच ठेवाव्यात.

सर्वांत मोठा गैरसमज मात्र याच्या पुढचा आहे. गाडी समपातळीत आली म्हणजे भारही जागच्या जागी आला, असे वाटते. तरफेचे गणित करू. दोन आसांत 3.6 मीटर अंतर, ट्रेलरचा हूक मागच्या आसाच्या 1.2 मीटर मागे, त्यावर भार 300 किलोग्रॅम. पुढच्या चाकांवरचा भार 100 किलोग्रॅमने घटतो आणि मागच्या आसावर 400 ने वाढतो. स्टिअरिंग आणि ब्रेक या दोहोंची पकड पुढे कमी होते. पिशव्या फुगवल्याने या आकड्यांत जवळजवळ काहीच बदलत नाही. आस, टायर आणि ब्रेक यांची क्षमता तर मुळीच वाढत नाही. पुढचा भार परत आणायला भार वाटून देणारा खास जोड लागतो. तेथे महामार्गालगतच्या ट्रक थांब्यांवर प्रत्येक आसाचे वजन वेगळे दाखवणारे काटे असतात. ट्रेलर जोडून एकदा आणि सोडून एकदा, असे दोनदा वजन केले की हे आकडे कागदावर समोर येतात.