रुग्णशय्येच्या दारातले हसू

हास्य आणि करुण हे परस्परांचे वैरी होत, असे आमच्या साहित्यशास्त्रकारांनी लिहून ठेविले आहे. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रसांच्या शत्रुत्वाचा जो विचार केला आहे, त्यात हास्याचे दोन शत्रू सांगितले आहेत; एक भयानक आणि दुसरा करुण. हा नियम आम्ही पुष्कळ वर्षे विद्यार्थ्यांकडून घोकवून घेतला. परंतु शास्त्रातला नियम घोकणे निराळे आणि तोच नियम घरातल्या माणसांच्या तोंडून, कोणी ‘साहित्यदर्पण’ उघडून पाहिलेले नसता, भांडणाच्या सुरात ऐकणे निराळे. ‘व्हेंटिलेटर’ या मराठी चित्रपटाने हा योग आणला.

चित्रपट ४ नोव्हेंबर २०१६ रोजी प्रदर्शित झाला. लेखन व दिग्दर्शन राजेश मापुसकर यांचे. दुसऱ्याच वर्षी जाहीर झालेल्या ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शन, संकलन आणि ध्वनिमिश्रण असे तीन मान त्यास मिळाले. प्रदर्शनास वर्षे लोटली, तरी घरोघरच्या पडद्यावर तो अद्याप पाहिला जातो, आणि चार घरी विचारावे तर चार मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, इतके निर्मळ हसू आणि इतके खरे रडू एका बैठकीत पूर्वी पाहिले नाही. कोणी म्हणतो, मरणाची ही थट्टा बरी नव्हे. कोणास पूर्वार्ध आवडतो व उत्तरार्ध रडका वाटतो. कोणास नेमके उलट.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात सांगतो. कोकणातील कामेरकर कुटुंबातले वडीलधारे गृहस्थ गजाननराव मुंबईच्या रुग्णालयात बेशुद्ध पडले आहेत आणि श्वासोच्छ्वास यंत्राच्या आधाराने चालला आहे. गणेशचतुर्थी अवघ्या काही दिवसांवर आलेली. बातमी कळताच शहरातला आणि गावाकडचा सारा गोतावळा रुग्णालयात लोटतो. मुलगा प्रसन्न राजकारणात वावरणारा आणि बापाशी वर्षानुवर्षे बिनसलेला. ही भूमिका जितेंद्र जोशी यांची. पुतण्या राजा चित्रपट-दिग्दर्शक. ती आशुतोष गोवारीकर यांनी केली आहे. त्याचे वडील सतीश आळेकर. लहानमोठे मिळून शंभरांहून अधिक नट या एका चित्रपटात आहेत. आत एक वृद्ध निपचित पडला आहे आणि बाहेर मानपान, रुसवेफुगवे, जुन्या उखाळ्यापाखाळ्या, खाणेपिणे, सल्लामसलत असे सगळे चालले आहे. शेवट सांगणे शिष्टाचारास धरून होणार नाही, म्हणून तो सांगत नाही.

पहिला आक्षेप अर्थातच औचित्याचा. आमच्या बिऱ्हाडात लहानथोर मिळून अकरा माणसे. त्यांत थोरले बंधू या पक्षाचे. त्यांचे म्हणणे असे की, माणूस जात असता सभोवारची माणसे हास्यास्पद वागतात हे खरे. पण खरे आहे तेवढे सर्व दाखवावयाचे नसते. हा आक्षेप हलका नाही. तरीही आमच्या मते शास्त्रकारांचे पूर्ण म्हणणे ऐकून घेतले म्हणजे त्याचे बळ कमी होते. विरोधी रसांचा परिहार कसा करावा हे आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त सांगितले आहे. दोन विरोधी रसांचे आश्रय निरनिराळे ठेवले, म्हणजे एक भाव एका पात्राच्या ठायी व दुसरा दुसऱ्याच्या ठायी असला, तर विरोध उरत नाही. ‘व्हेंटिलेटर’मधील हसू खाटेवरच्या माणसाकडे कधी वळत नाही. ते दाराबाहेरच्या बाकांवर बसलेल्यांकडे वळते. काचेच्या दाराच्या अलीकडे एक रस, पलीकडे दुसरा.

याहूनही मार्मिक गोष्ट अभिनवगुप्ताची. ‘नाट्यशास्त्रा’वरील टीकेत तो म्हणतो की, केवळ शृंगाराच्याच नव्हे तर कोणत्याही रसाच्या आभासातून हास्य उत्पन्न होते, जो ज्याचा बंधू नव्हे त्याने त्याच्यासाठी शोक मांडला तर तो करुण न राहता हास्यच होतो. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मिरात बसून लिहिलेले हे निरीक्षण रुग्णालयाच्या कोणत्याही प्रतीक्षागृहात पडताळून पाहता येईल. रुग्णाची बायको तेथे मोठ्याने रडत नसते. ज्याने दहा वर्षांत उंबरा ओलांडलेला नाही असा चुलत भाऊबंद हंबरडा फोडतो आणि पाचव्या मिनिटास चहा कोठे मिळेल याची चौकशी करतो. मापुसकरांनी हसविले आहे ते बहुतांशी अशांच्या जिवावर. नात्याने बंधू, परंतु मनाने नव्हेत, अशी माणसे प्रत्येक मोठ्या कुटुंबात असतात. आपल्या घरात ती कोण, हे प्रत्येक प्रेक्षक जाणून असतो, आणि क्वचित ती आपणच असतो.

मराठी प्रेक्षकास हे मिश्रण नवे आहे असेही नाही. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याल्या’त सिंधूच्या संसाराची राखरांगोळी होत असता तळीरामाच्या मंडळाने प्रेक्षागृह हसून गडगडत असे. त्याही मागे जावयाचे तर ‘मृच्छकटिका’त शकारासारखा मूर्ख, ज्याच्या अज्ञानावर क्षणापूर्वी आपण हसत होतो, तोच वसंतसेनेचा गळा दाबतो. आपले पूर्वज रडता रडता हसत आले आहेत. फरक एवढाच की, तळीरामावर हसताना ‘हा मी नव्हे’ असे म्हणता येत होते.

दुसरा आक्षेप गणपतीचा. गजाननराव चतुर्थीपूर्वी गेले तर सुतक येईल आणि गणपती बसणार नाही, ही काळजी नातलगांच्या मनात घोळते. शहरात वाढलेल्या पुष्कळ प्रेक्षकांस हा भाग फार निष्ठुर वाटतो. आमच्या ओळखीच्या एका प्राध्यापिका तर म्हणाल्या की, येथे दिग्दर्शकाने गावच्या माणसांस अडाणी ठरविले. आमचा अनुभव निराळा आहे. सपिंडांस दहा दिवस अशौच, आणि त्या अशौचात गणेशपूजन करावयाचे नाही, ही रूढी ज्यांच्या घरी पाळतात त्यांना ही गोष्ट पंचांगातल्या एका तिथीपुरती नसते. कोकणात अनेक घराण्यांचा गणपती मूळ घरी एकच असतो. चार दिशांस पांगलेले भाऊ वर्षातून त्याच दिवसांत एका माजघरात जेवतात. कित्येकांच्या रजा, गाडीची तिकिटे, घरदुरुस्ती, जमिनीच्या वाटपाची बोलणीदेखील त्याच दिवसांवर टाकलेली असतात. मुंबईच्या गिरण्यांच्या काळापासून ही परंपरा आहे. अशा घरात आजोबांची नाडी आणि चतुर्थीची तिथी या दोहोंकडे एकाच वेळी लक्ष जाते, यात निष्ठुरता नाही. जो माणूस आत पडला आहे त्यानेच ही तिथी पन्नास वर्षे सांभाळलेली असते. उद्या त्याला शुद्ध आली तर तोही बहुधा प्रथम हेच विचारील की, मखराचे काय केले? चित्रपटात ही काळजी हास्याच्या अंगाने येते खरी, परंतु ती हास्यास्पद नाही, आणि हा भेद दिग्दर्शकास समजला आहे असे आम्हांस वाटते. कोकणी बोलीचा उपयोग मात्र दोन-चार ठिकाणी केवळ हशासाठी केलेला आहे. तेथे प्राध्यापिकाबाईंचा राग योग्यच.

पात्रांची गर्दी फार झाली, नायक कोण ते कळत नाही, अशी एक तक्रार ऐकू येते. लग्नघरी किंवा मयताच्या घरी नायक कोण असतो? तेथे गर्दी हेच पात्र. २०१८ साली याच कथेवर गुजरातीतही चित्रपट निघाला, तेव्हा ही गर्दी काही कोकणापुरती नाही.

याहून विचार करावयास लावणारे मत आमच्या सूनबाईंचे. चित्रपटाचा गाभा बाप आणि मुलगा यांच्या नात्यात आहे. प्रसन्न व गजाननराव, राजा व त्याचे वडील, अशा दोन जोड्या समोरासमोर ठेवून, बोलावयाचे राहून गेलेले शब्द हा उत्तरार्धाचा विषय केला आहे. पुरुष प्रेक्षक येथे हमखास विरघळतात, आम्हीही विरघळलो. सूनबाई म्हणाल्या, “बापाशी अबोला धरला की त्या मुलाची कथा होते. ज्यांनी रोज दोन वेळा औषध दिले, त्यांना गर्दीत उभे राहायला जागा मिळते.” यावर आमच्या धाकट्या बंधूंनी ‘हा चित्रपटाचा विषयच नव्हे’ असे उत्तर दिले. ते उत्तर बरोबर आहे, तरी ऐकणाऱ्या स्त्रियांपैकी एकीचेही समाधान त्याने झाले नाही, हे नमूद केले पाहिजे.

आता ज्या वस्तूचे नाव चित्रपटास दिले तिच्याविषयी. पूर्वी घरातले माणूस जावयास लागले की श्वासाकडे लक्ष ठेवीत. तुळशीपत्र व गंगाजल तोंडात घालीत. श्वास थांबला की संपले. व्हेंटिलेटर हे यंत्र नळीवाटे फुप्फुसांत हवा ढकलते. रुग्ण स्वतः श्वास घेण्यास असमर्थ असला तरी त्याची छाती वर-खाली होत राहते, आणि हृदय आपल्या गतीने चालू असते. पुष्कळ रुग्ण या आधारावर बरे होऊन घरी येतात, हे विसरता कामा नये. परंतु जे येणार नाहीत त्यांच्या बाबतीत ‘आहेत’ आणि ‘गेले’ यांच्या मध्ये एक तिसरी अवस्था निर्माण झाली आहे. आमच्या निर्णयसिंधु-धर्मसिंधूंनी ही अवस्था पाहिलेली नव्हती. तेथे शेवटी कोणाला तरी बोलावून विचारतात, आणि कागद पुढे करतात.

चित्रपट निघाला तेव्हा या बाबतीत अरुणा शानबाग यांच्या प्रकरणी ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय लागू होता आणि उच्च न्यायालयाच्या अनुमतीची अट होती. पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, व माणसाने शुद्धीवर असताना आपली इच्छा लिहून ठेवण्यास मान्यता दिली. त्याची कार्यपद्धती जानेवारी २०२३ मध्ये सुलभ झाली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून तो लेख नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांजकडून प्रमाणित करून घ्यावयाचा, आणि आपल्या वतीने कोणी निर्णय सांगावा त्या आप्तांची नावे त्यात घालावयाची. आपण लिहिले म्हणून यंत्र लगेच काढतात असे नव्हे. रुग्णालयातील डॉक्टरांच्या दोन मंडळांनी रुग्णाची स्थिती पाहून मत द्यावे लागते. वाचकांनी हे ठाऊक असू द्यावे म्हणून येथे लिहिले.

या विषयावर आमच्या घरातले दोन प्रेक्षक असे निघाले की, त्यांच्यापुढे अभिनवगुप्तही थबकला असता. आमचे मधले बंधू काही वर्षांपूर्वी अशाच यंत्रावर अकरा दिवस होते. बाहेरच्या बाकावर मधल्या वहिनी अकराही दिवस बसल्या होत्या. आणि अखेरच्या दिवशी कागदावर सही केली ती त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या पुतण्याने. बंधूंच्या सर्वांत जवळची अशी ही दोन माणसे. चित्रपट लागला तेव्हा थोरले बंधू कपाळास आठ्या घालून बसले होते, आणि घरात सर्वांत अधिक हसल्या त्या मधल्या वहिनी. डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. “हे अगदी असेच असते हो, भावजी,” असे मध्येच आम्हांस म्हणाल्या, आणि कोणत्या आत्याबाईंनी सहाव्या दिवशी साडीचा रंग विचारला होता ते सांगू लागल्या. यंत्र काढण्याची गोष्ट निघाली तेव्हा पुतण्या उठून गच्चीवर गेला तो चित्रपट संपेपर्यंत खाली आला नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना वाद निघाला असता तो एवढेच म्हणाला, “काका, हसायला सगळे होते. सहीला मी एकटा होतो.” वहिनींचा हात वाढता वाढता थांबला. मग त्यांनी त्याच्या पानात आमटी वाढली.

यानंतर महिन्याभराने थोरल्या बंधूंनी आपल्यापुरता तसा लेख करण्याचे मनात आणले. वकिलांकडून मसुदा आणविला, साक्षीदार म्हणून आम्हांस व शेजारच्या डॉक्टरांस सांगून ठेविले. चित्रपटाविषयीचे त्यांचे मत पूर्वीचेच आहे. त्यात हसविले ते अनुचित, असे ते आजही म्हणतात. आपल्या वतीने बोलणाऱ्यांच्या जागी त्यांनी पहिले नाव स्वतःच्या मुलाचे न घालता पुतण्याचे घालावे असे ठरविले आणि त्यास बोलावून विचारले. मसुदा देवघराच्या कोनाड्यात तसाच आहे. पुतण्याने अद्याप होय म्हटलेले नाही, आणि नाहीही म्हटलेले नाही.