माव्याचा शत्रू

वालाच्या कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला, की माणूस प्रथम औषधाचा पंप हाती घेतो. त्या फवाऱ्यात अनेकदा माव्याबरोबर त्याचा शत्रूही मरतो. हा शत्रू म्हणजे जाळीदार पंखांच्या क्रायसोपर्ला या हिरव्या कीटकाची अळी. मादी केसासारख्या बारीक देठाच्या टोकावर एकेक अंडे घालते. अळी दिसायला मुळीच देखणी नाही. परंतु तिचे विळ्यासारखे पोकळ जबडे माव्याच्या अंगात रुतले, की ती पाचकरस आत सोडते व विरघळलेला भाग शोषून घेते. मागे उरते रिकामे कातडे. भक्ष्य न मिळाल्यास ती आपल्या भावंडांनाही सोडत नाही! म्हणून प्रयोगशाळेत या अळ्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून, तांदळावरील पतंगाची अंडी खाऊ घालून वाढवतात. बेंगळुरू येथे १९९३ साली जैविक कीडनियंत्रणासाठी स्थापन झालेली व आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो म्हणून ओळखली जाणारी संस्था अशा मित्रकीटकांवर संशोधन करते.

पूर्ण वाढलेली अळी रेशमी कोश विणते. त्यातून निघणारा प्रौढ कीटक मात्र मावा खात नाही. मकरंद, पराग आणि माव्याने सोडलेला गोड चिकटा यांवर तो जगतो. बागेच्या कडेला कोथिंबीर, बडीशेप फुलू दिली, तर तो तेथेच रेंगाळतो आणि अंडी घालतो.